अर्ध्या बाह्या

रात्री साडेनवाला डिंपल आली, कापगत्यांची.
मी मशीनवर झाकण घालतच होते.
पिशवीतून तिनं कुर्ता काढला:
दहावीच्या निकालाला मीच शिवलेला,
लांब बाह्या, मनगटाशी तीन-तीन बटनं.
"मावशी, हे चालत नाही म्हणे.
अर्ध्या पायजे. आन् गाडी पहाटे साडेचारची."

प्रवेशपत्र मशीनवर पसरलं.
झेरॉक्सवाल्यानं शाई वाचवलेली,
फोटोतली पोट्टी धुक्यातून पाहते आहे.
खाली नियम, मुंगीएवढे.
ती वाचत गेली:
घड्याळ नाही. पट्टा नाही. बूट नाही, चप्पल चालते.
केसात पिन नाही. कानात नाही, नाकात नाही.
"पेन तरी?"
"पेन तेच देतात."

नाकातला खडा तिच्या मायनं
संध्याकाळी तेल लावून-लावून काढला होता.
सातवीपासूनचा खडा.
बोलता बोलता तिचं बोट सारखं तिथंच जाई,
रिकाम्या भोकाशी.

मी कोपराच्या वर खडूची रेघ मारली
आणि लाईन गेली.
पायमशीनला लाईनचं काय!
तिनं मोबाइलची बत्ती धरली,
मी आधी टीप मारली, मागून कापणार होते.
वर पत्रा अजून दुपारचाच तापलेला,
बत्तीभोवती पाखरं,
आणि ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती,
कानाच्या आतली तीन हाडं, त्यांची नावं.
कानात इतकी हाडं असतात
हे मला पन्नाशीत कळलं.

"चुकलं तर?"
"एक मार्क कापतात. बरोबर आलं तर चार."
मी म्हटलं, मी कापते तेव्हा
निदान कापड तरी हातात राहतं.
ती हसली नाही. मग हसली.

काखेजवळच्या जाड शिवणीवर
सुई मोडली.

सुई मोडते. रोज मोडते.
पण टोक दिसेना.
मशीनवर नाही, मांडीवर नाही, फरशीवर नाही.
डिंपल एकदम गप्प झाली.
"मावशी, दारात मशीन फिरवतात अंगावरून.
वाजलं तर?"

तीस वर्षांत शिवलेल्या कपड्यांत
किती टोकं राहिली असतील माझी,
कोणाला टोचली, कोणी शिव्या दिल्या,
कधी विचार केला नव्हता.
त्या रात्री तांदूळ निवडावा तसा
मी कुर्ता निवडला, चिमटीचिमटीनं,
घामानं बोटं घसरत होती.
मग आठवलं: जुन्या रेडिओचा लोहचुंबक,
टाचण्या गोळा करायला ठेवलेला, डब्यात.

तो मी शिवणीवरून फिरवू लागले.
ती वाकून पाहत पुटपुटली,
"लोखंड, निकेल, कोबाल्ट."
"काय वो?"
"हे तिघंच ओढल्या जातात. हा प्रश्न येतो."
"मंग हा तर आला समज."

गळा, खांदा, काख. काही नाही.
कापायची राहिलेली बाही तेवढी उरली.
रेघेच्या पलीकडं, दोन बोटं खाली,
चुंबकानं टक् केलं.
तिळाएवढं टोक.
जो भाग जाणारच होता, त्यातच.

मग मी कात्री चालवली.

साडेअकरा झाले. तिनं वीस रुपये पुढं केले,
मी घेतले.
न घेते तर पोरीला वाटलं असतं
मावशीला कीव आली.
बाटलीवरचा कागद तिनं इथंच सोलला,
नखांनी, सगळा निघेना,
चिकट पांढरं काहीतरी राहिलंच.
"राहू दे. त्याच्यावर काही लिवलं नाही."
बाप तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजत होता,
तिथूनच स्टँडवर येणार होता, चार वाजता.
"झोपजो आता."
"झोप येईल काय?"
"नाही येणार. तरी आडवी पडजो."

ती गेली. बत्ती गल्लीतून हलत गेली,
एका ठिकाणी थांबली,
बहुतेक पुन्हा नाकाला हात.

दोन्ही बाह्या मी घडी करून ठेवल्या आहेत,
बटनांसकट, पिशवीवर तिचं नाव घालून.
सोळा तारखेला तिच्या मामेबहिणीचं लगन आहे.
जोडून देईन म्हटलं आहे.
जोड दिसेल जरासा.